गाडी येऊन राहिली

१

रविवारी दुपारी सर्व्हर झाडायचा, हा प्रीतम गजभियेचा नेम होता. झाडायचा म्हणजे हातात केरसुणी घेऊन नव्हे. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या, कुठल्या डिस्कवर किती जागा उरली ते विचारायचं, जुन्या फायली पुसायच्या, एखादी डिस्क कुरकुरत असेल तर तिची तब्येत तपासायची आणि मॅनेजरला चार ओळींचा अहवाल पाठवून घरी जेवायला जायचं. या कामात बोलावं लागत नाही, म्हणून त्याला ते आवडायचं.

ऑफिस नागपूरच्या प्रताप नगरात, प्लायवूडच्या दुकानावरच्या मजल्यावर. रुग्णवाहिका मागवण्यासाठी लोक ज्या नंबरावर फोन करतात तो नंबर इथे वाजत असे. लोकांना वाटे, पलीकडे सरकार बसलं आहे. सरकारनं मात्र ते काम केव्हाच एका खाजगी कंपनीला देऊन हात धुतले होते. पुढच्या हॉलमध्ये हेडफोन लावलेल्या मुली फोन घेत. मागच्या थंड खोलीत प्रत्येक फोनचं रेकॉर्डिंग साठवणारी मशीन होती, आणि तिथे प्रीतम होता.

मे महिना होता. जिना चढताना खाली बसलेला चौकीदार रामाजी म्हणाला, "काय गा प्रीतम, रविवारी बी? बायकोनं हाकललं का?" आणि मग भावनाचं आठवून त्याचं तोंड उतरलं. "जा बाप्पा, वर एसी तरी आहे," असं पुटपुटत तो पाण्याची बाटली शोधायला लागला.

प्रीतमनं नेहमीची पहिली आज्ञा दिली. रेकॉर्डिंगची डिस्क जवळजवळ भरली होती. त्यानं दुसरी आज्ञा दिली, एकेका फोल्डरचं वजन सांगणारी. सगळ्या फोल्डरांचं वजन मिळून डिस्क अर्धीसुद्धा भरत नव्हती.

त्यानं दोन्ही आज्ञा पुन्हा दिल्या. मशीननं तीच उत्तरं पुन्हा दिली.

२

भावना त्याची बायको. एप्रिल संपेपर्यंत ती पुढच्या हॉलमध्ये, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसत असे. आता कंपनीनं तिला घरी बसवलं होतं.

प्रकरण सावनेरजवळच्या खापा गावचं. उन्हाच्या तडाख्यात दादाजी नावाचे म्हातारे घरात कोसळले आणि त्यांच्या बायकोनं, कांताबाईनं, फोन लावला. तो भावनानं घेतला, सावनेरहून गाडी सोडली, आणि आपल्याकडे सगळे म्हणतात तसंच म्हणाली, "आजी, फोन ठेवू नका. गाडी येऊन राहिली." समोरच्या पडद्यावर शेऱ्याच्या चौकटीतही तिनं तेच टाइप केलं: गाडी येऊन राहिली.

शेरे वाचणारा माणूस पुण्यात बसत असे. नागपुरात पाच वर्षांच्या पोरालाही कळतं की येऊन राहिली म्हणजे वाटेत आहे, येते आहे. पुण्याच्या माणसानं वाचलं: आली, आणि राहिली. म्हणजे पोचली. त्यानं काम पूर्ण झाल्याची खूण केली आणि ती गाडी अर्ध्या वाटेवरून एका पुढाऱ्याच्या सभेच्या मांडवामागे उभी करायला पाठवली. खाप्याच्या घराचं दार शेजाऱ्यांनी उघडलं तेव्हा म्हातारा बाजेवर होता आणि म्हातारी खाली, हातात मोबाइल. दोघंही गेलेली.

चौकशी लागली. दोन जीव गेल्यावर चौकशी लागते आणि चौकशी लागल्यावर सगळ्यात स्वस्त माणूस शोधला जातो. कंपनीनं सांगितलं, भावना गजभिये हिनं खोटा शेरा लिहिला. भावना सांगत होती की मॅनेजर हर्षित सर तिच्या खुर्चीमागेच उभे होते, गाडी पोचली नाही हे तिनं त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं आणि त्यांनीच कॉल सोडून पुढचा घ्यायला लावलं. हे सगळं रेकॉर्डिंगमध्ये असणार होतं. पण त्या दिवसाचं फोल्डर "तांत्रिक कारणानं" पुसलं गेलं होतं. हर्षितच्या लॉगिनवरून.

सुनावणी मंगळवारी होती. रेकॉर्डिंग नसेल तर भावनावर गुन्हा दाखल होणार, हे वकिलानं चहा पिता पिता सांगितलं होतं.

३

डिस्क भरलेली आणि फोल्डर हलके, याला एकच अर्थ असतो, आणि तो प्रीतमला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून माहीत होता. फाइल पुसली तरी एखादा प्रोग्रॅम ती उघडून बसला असेल तर ती खरोखर जात नाही. तिचं नाव जातं. फाइल तिथेच, निनावी, त्या प्रोग्रॅमच्या हातात राहते. त्यानं हात सोडला की मगच जागा मोकळी होते.

कोण कुठली फाइल उघडून बसलं आहे ते दाखवणारी आज्ञा त्यानं दिली. एक ओळ आली. रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम, फाइल पुसलेली, तारीख एप्रिलमधली, ऑपरेटर: भावना गजभिये.

म्हणजे तो कॉल बंदच झाला नव्हता. भावनाला त्या खुर्चीवरून उठवलं तेव्हा कोणी लाल बटण दाबलं नव्हतं, आणि रेकॉर्डर आज्ञाधारकपणे लिहीत बसला होता. प्रीतमनं एवढं स्वतःला समजावलं आणि आज्ञा पुन्हा दिली. आकडा वाढला होता. पुन्हा दिली. आणखी वाढला.

तो बोटं कीबोर्डवर ठेवून बसून राहिला. कांताबाईचा मोबाइल पोलिसांनी पाकिटात घालून लाखेनं बंद केला होता, हे त्यानं स्वतः वाचलं होतं. पलीकडे कोणी नसेल तर शांतता रेकॉर्ड व्हावी. पण शांततेला जागा लागत नाही. सॉफ्टवेअर ती दाबून चिमूटभर करतं. ही फाइल बोलत्या घराच्या वेगानं वाढत होती.

फोन वाजला. हर्षित.

"प्रीतम भाई, डिस्क लाल काहून दाखवून राहिली? मले पुण्यावरून मेसेज आला."

"पाहून राहिलो सर."

"पाहू नको, रिस्टार्ट मार. रिस्टार्टनं दुनिया ठीक होते."

"लाइव्ह कॉल आहेत सर. असं मधातच कसं करू?"

"मग उद्या संध्याकाळी कर. अन् टेन्शन नको घेऊ यार, मंगळवारचं होऊन जाईल काहीतरी."

रिस्टार्ट केलं की रेकॉर्डरचा हात सुटणार होता.

४

निनावी फाइलच्या आत डोकावायला एक मागचं दार असतं. प्रीतमनं हेडफोन लावला आणि फाइल सुरुवातीपासून ऐकली.

सगळं होतं. भावनाचा आवाज, घाईतला पण गोड. कांताबाईचा कोरडा आवाज: "येऊन राहिली ना बाई?" "हाव आजी, ठेवू नका." मग मागून हर्षित, माइकपासून जरा लांब पण स्वच्छ: "रिमार्क टाक अन् पुढचा घे न." "सर, गाडी पोचली नाही अजून. कितीदा सांगू?" "पोचते गं. सोड." मग भावनाला दुसऱ्या रांगेत जायला सांगणारा त्याचा आवाज, खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि त्यानंतर फक्त पलीकडची खोली.

प्रीतमच्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. आलं नाही. गेले काही आठवडे त्याच्या घरात कोणालाच काही येत नव्हतं.

नुसती नक्कल करून नेली तर कंपनीचा वकील ती बनावट म्हणून फेकून देणार होता. चौकशी अधिकारी बाई फक्त सिस्टिमनं स्वतः शिक्का मारलेली फाइल मानत होत्या, आणि तो शिक्का कॉल रीतसर संपला की, हात सोडण्याआधी, रेकॉर्डर आपण होऊन मारतो आणि फाइल नव्या नावानं जपून ठेवतो. कॉल फक्त ज्या ऑपरेटरचा त्याच्याच पडद्यावरून संपतो. म्हणजे भावनाला त्या खुर्चीवर बसवून लाल बटण दाबायला लावायचं. मंगळवारी हर्षितच्या तोंडावर हर्षितचाच आवाज. एवढं सोपं होतं.

हेडफोन काढण्याआधी त्यानं फाइलचं शेवटचं टोक ऐकलं, जे आत्ता, या क्षणी लिहिलं जात होतं.

कूलर चालू होता. जाळीवरून पाणी ठिबकत होतं, भरल्या टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज. खाप्याच्या त्या घराची वीज मंडळानं तोडली होती. बाजेची दोरी करकरली. स्टीलचा पेला फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. कोणीतरी घसा साफ केला आणि फोनच्या अगदी जवळ येऊन म्हणालं,

"बाई, आहे ना वं?"

प्रीतमनं हेडफोन टेबलावर ठेवला. पंख्याचा आवाज असेल, त्यानं ठरवलं. जुनाच तुकडा पुन्हा वाजला असेल. मग त्यानं फाइलचा आकडा बघितला.

५

जयताळ्यातल्या त्यांच्या खोलीत भावना खिडकीकडे तोंड करून बसली होती. ताट झाकलेलं होतं.

"जेवली का वं?"

"हाव."

त्यानं झाकण उचललं. पोळी, टमाट्याची चटणी, सगळं तसंच. त्यानं पुन्हा झाकलं.

"चाल, ऑफिसात जायचं आहे. आज हर्षित नाही."

"काहून?"

"तुझा कॉल सापडला. खाप्याचा. चालू आहे अजून."

तिला नवल वाटलं नाही. ती पायात चप्पल शोधू लागली. "चालूच असंल न. मीच तिले म्हणलं होतं ठेवू नका म्हणून."

"तू फक्त बटण दाब. बोलायचं नाही. कॉल संपला की फाइल आपली. मग तुले कोणी हात लावत नाही."

"अन् ते लोकं?"

"कोणते लोकं?"

ती दाराबाहेर पडली. गाडीवर मागे बसली तेव्हा तिचा हात त्याच्या खांद्यावर होता. ऊन एवढं की हात गरम आहे की गार ते कळत नव्हतं.

हॉलमध्ये रविवारची मोजकी माणसं होती आणि सगळ्यांच्या कानांत कोणीतरी ओरडत होतं. कोणी वर बघितलं नाही. कोपऱ्यातल्या मशीनवर धूळ होती. भावनानं पासवर्ड टाकला; तो बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं. पडद्यावर हिरव्या पट्टीत कांताबाईचा नंबर आणि एक शब्द: चालू. खाली लाल बटण.

तिनं हेडफोन चढवला आणि माउसवर हात ठेवला.

"दाब," प्रीतम हळूच म्हणाला.

"आजी," भावना म्हणाली.

"अवं बोलू नको म्हणलं न मी."

ती ऐकत होती. हेडफोनच्या कडेतून डासाएवढा आवाज बाहेर येत होता, शब्द कळत नव्हते. भावनाचा चेहरा कामावरचा झाला होता, लक्ष देऊन पत्ता लिहून घेताना व्हायचा तसा. "हाव," ती म्हणाली. मग, "नळाच्या बाजूनं का?" मग, "बरं. अन् दार लोटलेलंच आहे? बरं, बरं."

त्यानंतर ती बोलली नाही. डोळे उघडे, पडद्यावर. प्रीतमनं तिच्या हातावर हात ठेवून बटण आपणच दाबायचं ठरवलं, आणि हात ठेवताच मागे घेतला.

तिचा हात मनगटापर्यंत ओला होता. पाणी माउसवरून टेबलावर ओघळत होतं. मनगटाला वाळ्याची एक काडी चिकटली होती, कूलरच्या जाळीत असते तशी. या सबंध मजल्यावर कूलर नव्हता.

भावनानं दुसऱ्या हातानं हेडफोन उतरवला आणि उठून उभी राहिली. पट्टी हिरवीच होती.

"काहून नाही दाबलं?"

तिनं त्याच्याकडे बघितलं, बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाकडे बघावं तसं.

६

त्यानं तिला मागच्या खोलीत नेऊन प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं. ती बसली. स्वतः मशीनसमोर बसून त्यानं फाइलचं टोक कानाला लावलं. घाबरलेली आहे, तो स्वतःला सांगत होता. उन्हातून आली, उपाशी आहे, पाण्याचा ग्लास सांडला असेल. थोडं बसू दे, मग पुन्हा नेऊ.

कूलर. ठिबकणारं पाणी. मग दार ढकलल्याचा आवाज, जुन्या बिजागरीचा. उंबऱ्याशी चपला काढल्याचा.

"आजी, मी भावना. लय उशीर झाला."

आवाज फोनमधला नव्हता. फोनवर भावनाचा आवाज कसा येतो ते प्रीतमला ठाऊक होतं. माइक तोंडाला लागून असतो, श्वास ऐकू येतो. हा आवाज खोलीतला होता, लांबून, भिंतींना लागून येणारा.

"आली का माय. ये. त्याइले उचलू लाग जरा."

"हाव आजी. पाणी कुठं आहे?"

पेला. पावलं. बाज करकरली. एका पुरुषाचा, लांबलचक, काहीच न सांगणारा कण्हण्याचा सूर.

प्रीतमनं मान वळवली. भावना स्टुलावर होती. ओठ मिटलेले. ओला हात मांडीवर पालथा, त्यातून अजून पाणी झिरपत होतं.

"भावना," तो म्हणाला.

स्टुलावरची मान हलली नाही. हेडफोनमधली पावलं थांबली. मग ती फोनच्या दिशेनं जवळ आली.

"काय जी?"

त्याच्यासमोर माइक नव्हता. ही खोली त्या कॉलला कुठेच जोडलेली नव्हती. त्याला हे सगळं माहीत होतं आणि माहीत असण्याचा काही उपयोग होत नव्हता.

"घरी चाल वं," तो म्हणाला. "सोड ते. चाल."

"आजोबाइले पाणी पाजते," आवाज म्हणाला, त्याच्या घरातला, रोजचा, गेले काही आठवडे न ऐकलेला आवाज. "तुम्ही व्हा पुढं. मी येऊन राहिली."

या दोन शब्दांसाठी प्रीतम सगळ्यांशी भांडला होता. वकिलाशी, हर्षितशी, पुण्याच्या माणसाशी फोनवर. त्यांचा अर्थ काय होतो हे त्यानं अर्जात लिहून दिलं होतं. आता तो हेडफोन कानाला दाबून बसला होता आणि त्या शब्दांचा कुठला अर्थ धरावा हे त्याला कळत नव्हतं.

बटण दाबलं तर कॉल संपणार होता. फाइलवर शिक्का बसणार होता. भावना सुटणार होती. कोणती, एवढंच विचारायला कोणी नव्हतं.

७

सोमवारी त्यानं जुन्या महिन्यांची रेकॉर्डिंग पुसली, डिस्क लालवरून हिरवी केली आणि हर्षितला कळवलं की रिस्टार्टची गरज उरली नाही. हर्षितनं अंगठ्याचं चित्र पाठवलं.

मंगळवारी सुनावणी झाली. चौकशी अधिकारी बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "गजभिये, सिस्टिमचं काम तुम्ही बघता. या कॉलचं रेकॉर्डिंग उपलब्ध आहे का?"

हर्षित मोबाइलकडे बघत होता. त्याचं बोट थांबलं.

"नाही मॅडम," प्रीतम म्हणाला.

"शोधलं होतं?"

"हो. नाही."

कंपनीच्या वकिलानं पेनाचं टोपण लावलं. भावनाला विचारलं, काही सांगायचं आहे का. ती बाईंच्या टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होती. जिथे बोट दाखवलं तिथे तिनं सही केली. कागदाचा कोपरा ओला झाला, तो कारकुनानं कुरकुरत पुसला. निष्काळजीपणाचा ठपका, सेवा समाप्त, पुढील कारवाईसाठी पोलिसांकडे. पुण्याच्या माणसाचं नाव कुठे आलं नाही. मांडवामागच्या गाडीचंही नाही. बाहेर हर्षितनं प्रीतमच्या पाठीवर हात ठेवला. "चल गा, चहा घेऊ. तुझी नोकरी मी सांभाळतो." प्रीतम चहा प्याला.

आता तो रोज डिस्क झाडतो. रविवारची वाट बघून चालत नाही. ती फाइल थांबत नाही, आणि डिस्क भरली की पुणं रिस्टार्ट मागतं. जुनी रेकॉर्डिंग केव्हाच संपली. मग गेल्या महिन्याची गेली, मग गेल्या आठवड्याची. घरी भावना सांगितलं की उठते, सांगितलं की जेवते. तिच्या गादीखाली तो प्लास्टिक घालतो. दुपारी मागच्या खोलीचं दार लावून तो हेडफोन चढवतो. तिकडे ती कधी भांडी घासत असते, कधी म्हाताऱ्याला हसत काही सांगत असते. त्यानं हाक मारली की लगेच ओ देते.

पुसायच्या आधी तो प्रत्येक कॉल थोडा ऐकायचा. हल्ली ऐकत नाही. आज मात्र चुकून एक वाजला. रामटेकचा, सकाळचाच. एक मुलगी ओरडून विचारत होती की बाबांना किती वेळ असंच धरून ठेवू. गाडी गेली की नाही, ते पुढे असणार होतं. त्या मुलीला कधी ना कधी त्याची गरज पडणार होती.

प्रीतमनं डिस्कचा आकडा बघितला आणि ती फाइल पुसली. तिला कोणी धरून बसलं नव्हतं. लगेच जागा झाली.